म्युऑन वापरून टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर तपासणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयात नवीन येणारे बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात, आणि प्रश्न चांगलेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतोय. थोडं फिजिक्स माहिती असेल तर सगळं कळेल, नसेल तरी बहुतेक कळायला हरकत नाही.

टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर म्हणजे नेमकं काय हो?

साध्या सुपरकंडक्टरमध्ये काय होतं, तापमान एका ठराविक आकड्याखाली गेलं की इलेक्ट्रॉन जोड्या करतात, रोध शून्य होतो आणि पदार्थ चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. या जोड्या मोडायला थोडी ऊर्जा लागते, तिला आपण गॅप म्हणतो. आता काही पदार्थांत या जोड्यांच्या क्वांटम रचनेला एक प्रकारची गाठ बसलेली असते, आणि ती गाठ अशी की गॅप कुठेतरी पूर्ण बंद केल्याशिवाय सुटतच नाही. पदार्थाच्या बाहेर मात्र गाठ नसते, म्हणजे जिथे पदार्थ संपतो त्या पृष्ठभागावर किंवा कडेवर गॅप बंद व्हावाच लागतो आणि तिथे खास अवस्था तयार होतात. योग्य परिस्थितीत या अवस्था मायोराना प्रकारच्या असतात, म्हणजे कण आणि त्याचा प्रतिकण एकच. इटालियन शास्त्रज्ञ मायोराना यांनी १९३७ साली मूलभूत कणांसाठी हे गणित मांडलं होतं, आणि २००१ मध्ये किताएव्हने एका साध्या तारेच्या मॉडेलमध्ये दाखवलं की सुपरकंडक्टरच्या टोकांवर असं काही सापडू शकतं. क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांना यात रस आहे कारण अशी माहिती दोन टोकांना वाटून ठेवलेली असते आणि एका जागच्या गडबडीने ती सहज बिघडत नाही.

आणि म्युऑन म्हणजे?

इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, सुमारे २०७ पट जड, आणि प्रोटॉनच्या साधारण नवव्या भागाइतका. १९३६ मध्ये अँडरसन आणि नेडरमायर यांना वैश्विक किरणांत सापडला. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. आपण या कामात धन प्रभाराचा म्युऑन वापरतो, कारण तो ऋण इलेक्ट्रॉनांच्या ढगात, अणूंच्या मधल्या जागेत जाऊन बसतो, एखाद्या हलक्या प्रोटॉनसारखा. त्याला स्पिन असतो आणि स्वतःचं चुंबकत्व असतं, म्हणजे तो अतिशय छोटा होकायंत्राचा काटा आहे असं समजा, जो पदार्थाच्या आत जाऊन बसतो आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र किती आहे ते सांगून मरतो.

मरताना सांगतो म्हणजे कसं? म्युऑन तर दिसतही नाही.

मला या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो त्यामुळे जरा लांब लिहितो. प्रोटॉनचा झोत ग्राफाइटच्या टार्गेटवर आदळला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. टार्गेटच्या पृष्ठभागाजवळ थांबलेला धन पायॉन सुमारे २६ नॅनोसेकंदात मोडतो आणि त्यातून एक म्युऑन आणि एक न्यूट्रिनो निघतो. न्यूट्रिनोचा स्पिन नेहमी त्याच्या गतीच्या उलट दिशेला, पायॉनला स्पिनच नाही, मग हिशेब जुळायला म्युऑनचा स्पिनसुद्धा त्याच्या गतीच्या उलटच असावा लागतो. म्हणजे काही न करता, कुठलाही चुंबक न लावता, जवळजवळ शंभर टक्के एकाच दिशेला स्पिन असलेला झोत आयता मिळतो! एनएमआरमध्ये (अणुकेंद्रांच्या चुंबकत्वावरून पदार्थ तपासण्याच्या पद्धतीत) अणुकेंद्रांचे स्पिन एका दिशेला आणायला मोठं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फील्ड, आणि कमी तापमान लागतं, तरी फार थोडेच वळतात. इथे निसर्गच देतो.

मग हा म्युऑन ४.१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने सॅम्पलमध्ये शिरतो, मिलिमीटरच्या काही अंशाइतका आत जाऊन थांबतो, थांबेपर्यंत त्याचा स्पिन शाबूत असतो. आत जे स्थानिक चुंबकीय क्षेत्र असेल त्याच्याभोवती स्पिन भोवऱ्यासारखा डोलत फिरतो, एक टेस्लाला सेकंदाला १३.५५ कोटी फेऱ्या या दराने. मग म्युऑन मोडतो आणि एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) बाहेर फेकतो, आणि तो पॉझिट्रॉन स्पिन ज्या दिशेला असेल त्या दिशेला जास्त प्रमाणात जातो. हा पक्षपात दुर्बल बलाचा गुण आहे, १९५७ मध्ये गार्विन, लेडरमन आणि वाइनरिख यांनी तो म्युऑनवर दाखवला, आणि त्याच पेपरात हे तंत्र पदार्थांच्या आतली क्षेत्रं मोजायला वापरता येईल असंही सुचवलं होतं. पुढच्या आणि मागच्या डिटेक्टरमध्ये किती पॉझिट्रॉन आले त्यातला फरक वेळेनुसार काढला की स्पिन कसा फिरला ते थेट दिसतं. यालाच म्यूएसआर म्हणतात, एसआर म्हणजे स्पिन रोटेशन, रिलॅक्सेशन किंवा रेझोनन्स, जे लागू असेल ते.

या पद्धतीने सुपरकंडक्टरमध्ये काय मोजतात?

मुख्य दोन गोष्टी. एकेक बघू.

पहिली, बाहेरून फील्ड लावून. दुसऱ्या प्रकारच्या सुपरकंडक्टरमध्ये फील्ड भोवऱ्यांच्या रूपात आत शिरतं, ज्यांना व्होर्टेक्स म्हणतात, आणि त्यांची एक जाळी बनते. व्होर्टेक्सच्या मध्यात फील्ड जास्त, दोन व्होर्टेक्सच्या मधे कमी. म्युऑन कुठेही पडतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं फील्ड मिळतं, सगळ्यांची लय हळूहळू सुटते आणि सिग्नल विरत जातो. किती वेगाने विरतो यावरून पेनिट्रेशन डेप्थ मिळते, म्हणजे फील्ड किती खोल आत येतं ते. अंदाज यावा म्हणून, त्रिकोणी जाळी आणि कमी फील्ड असेल आणि विरण्याचा दर मायक्रोसेकंदाला १ असेल तर ही खोली सुमारे ३२७ नॅनोमीटर येते. आणि या खोलीच्या वर्गाच्या व्यस्तावरून सुपरफ्लुइड डेन्सिटी कळते, किती इलेक्ट्रॉन जोडीने वाहतायत त्याचं माप.

आता खरी मजा ही की ही डेन्सिटी तापमानाबरोबर कशी बदलते त्यात गॅपचा आकार लपलेला असतो. गॅप सगळीकडे पूर्ण असेल तर अगदी कमी तापमानाला वक्र सपाट होतो, कारण जोड्या मोडायला ऊर्जाच पुरत नाही. गॅपमध्ये रेषेसारखी शून्यं असतील तर वक्र सरळ रेषेत खाली येतो, बिंदूसारखी शून्यं असतील तर साधारण तापमानाच्या वर्गाने. दोन गॅप असतील तर मधेच एक वाक दिसतो.

दुसरी गोष्ट बाहेरून काहीच फील्ड न लावता. काही सुपरकंडक्टर जोड्या करताना स्वतःचंच एक बारीकसं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. काळाची दिशा उलटी केली तर चुंबकीय क्षेत्र उलटतं, म्हणजे अशा अवस्थेत काळाची सममिती मोडलेली असते. ट्रान्झिशन तापमानाखाली (ज्याच्याखाली पदार्थ सुपरकंडक्टर होतो त्या तापमानाखाली) गेल्यावर सिग्नल थोडा जास्त वेगाने विरायला लागला तर ती खूण. अणुकेंद्रांच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे थोडं विरणं आधीपासून असतंच, त्याचा आकार कुबो आणि तोयाबे यांनी काढलेल्या फंक्शनने बसवतात, आणि त्याच्यावर जी भर पडते ती आपल्याला हवी असते.

हे क्षेत्र किती बारीक असतं?

दहा मायक्रोटेस्लाच्या आसपास धरा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्याही पाचव्या भागाइतकं. एवढ्या फील्डमध्ये म्युऑनचा स्पिन त्याच्या सरासरी आयुष्यात जेमतेम एक अंश वळतो. एक अंश! म्हणून एकेका तापमानाला कोट्यवधी पॉझिट्रॉन मोजावे लागतात, आणि म्हणूनच बाहेरचं फील्ड कॉइल लावून काळजीपूर्वक शून्य करावं लागतं.

मग म्युऑनने सांगितलं की झालं ना, पदार्थ टोपोलॉजिकल आहे की नाही ते?

नाही, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. म्युऑन मायोराना बघत नाही. तो पदार्थाच्या पोटातली गोष्ट सांगतो, कडेवरची नाही. टोपोलॉजीचा निकाल लावायला काय काय लागतं बघा: गॅप पूर्ण आहे का, काळाची सममिती टिकलीय का मोडलीय, जोडीची पॅरिटी सम आहे का विषम (सगळं केंद्राभोवती उलटवलं की जोडीचं फंक्शन तसंच राहतं का चिन्ह बदलतं), आणि सामान्य अवस्थेतले इलेक्ट्रॉन बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मिळू शकणाऱ्या ऊर्जांचे पट्टे, कसे आहेत. फू आणि बर्ग यांनी २०१० मध्ये एक फार उपयोगी नियम दिला, ज्या पदार्थाची रचना केंद्राभोवती सममित आहे, जोडी विषम पॅरिटीची आहे, गॅप पूर्ण आहे आणि फर्मी पृष्ठभागाच्या (संवेगाच्या नकाशावर भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन अवस्थांमधल्या सीमेच्या) आत काही विशिष्ट बिंदू विषम संख्येने येतात, तो टोपोलॉजिकल. वरच्या चार प्रश्नांतल्या पहिल्या दोन, म्हणजे गॅप आणि काळाची सममिती, यांची उत्तरं म्युऑन फार चांगली देतो. पॅरिटीसाठी एनएमआरचा नाइट शिफ्ट बघावा लागतो (इलेक्ट्रॉनांचे स्पिन फील्डला किती प्रतिसाद देतात ते त्यावरून कळतं), बँडसाठी फोटोएमिशन (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून मोजणं) आणि गणितं. म्हणजे म्युऑन हा महत्त्वाचा साक्षीदार, पण एकट्याच्या साक्षीवर निकाल लागत नाही. एखाद्या पेपराच्या शीर्षकात म्युऑन आणि टोपोलॉजी दोन्ही शब्द आले की लगेच सुतावरून स्वर्ग गाठू नका, आत काय काय मोजलंय ते बघा.

काळाची सममिती मोडलेली असणं गरजेचं आहे का?

अजिबात नाही. टोपोलॉजिकल सुपरकंडक्टरचे वेगवेगळे वर्ग आहेत, काहींत सममिती मोडते, त्यांना कायरल म्हणतात, आणि काहींत टिकते. निओबियम घातलेल्या बिस्मथ सेलेनाइडवर २०२० मध्ये म्युऑनचा अभ्यास आला, त्यात गॅप पूर्ण दिसला आणि सममिती टिकलेली दिसली, तरी पदार्थ टोपोलॉजिकल असण्याच्या शर्यतीत आहेच, उलट वरच्या नियमात तो चांगला बसतो.

स्ट्रॉन्शियम रुथेनेटचं नक्की काय झालं? सगळे त्याचंच नाव घेतात.

ही गोष्ट नीट वाचा, या विषयातले सगळे दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यायला शिकले ते याच पदार्थामुळे. १९९४ मध्ये मायेनो आणि सहकाऱ्यांनी त्यात सुपरकंडक्टिव्हिटी शोधली, ट्रान्झिशन साधारण १.५ केल्विनला. १९९८ मध्ये ल्यूक आणि सहकाऱ्यांनी म्युऑन वापरून दाखवलं की ट्रान्झिशनखाली आपोआप क्षेत्र तयार होतं, म्हणजे काळाची सममिती मोडते. त्याच वर्षी एनएमआरने दाखवलं की नाइट शिफ्ट बदलत नाही, म्हणजे जोडी ट्रिप्लेट, दोन्ही इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असलेली. दोन्ही जोडलं की कायरल पी-वेव्ह (काळाची सममिती मोडणारी, विषम पॅरिटीची जोडी), अगदी पुस्तकातला टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर. वीस वर्षं बहुतेक लोक हेच धरून चालले.

मग २०१९ मध्ये एनएमआर पुन्हा केला गेला आणि नाइट शिफ्ट चांगलाच घसरलेला दिसला. जुन्या मोजणीत रेडिओ पल्समुळे सॅम्पल गरम होत होतं आणि सुपरकंडक्टिंग अवस्थाच त्या क्षणी टिकत नव्हती, असं कारण निघालं. कायरल पी-वेव्हची कल्पना तिथेच कोसळली. पण म्युऑनचा निकाल मात्र कोसळला नाही! उलट २०२१ मध्ये ग्रिनेन्को आणि सहकाऱ्यांनी क्रिस्टलला एका दिशेने दाबून म्युऑन मोजले, तेव्हा सुपरकंडक्टिंग ट्रान्झिशन वर सरकलं आणि सममिती मोडण्याचं तापमान जवळजवळ जागेवरच राहिलं, दोन्ही वेगळे झाले. सगळ्या बाजूंनी सारखा दाब दिला, म्हणजे क्रिस्टलची चौकोनी सममिती शाबूत ठेवली, तर मात्र वेगळे होत नाहीत. हे दोन घटकांच्या ऑर्डर पॅरामीटरला (जोड्यांच्या अवस्थेचं वर्णन करणाऱ्या राशीला) अगदी शोभणारं वागणं आहे. अडचण एवढीच की दाबाखाली उष्माधारकता अतिशय बारकाईने मोजली तरी दुसऱ्या ट्रान्झिशनची खूण तिथे मिळाली नाही. भांडण अजून चालू आहे. मला स्वतःला म्युऑनच्या मोजणीवर विश्वास आहे, कारण ती वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या सॅम्पलवर पुन्हा पुन्हा मिळालीय, पण उष्माधारकतेचं उत्तर दिल्याशिवाय कोणी विषय संपला म्हणू नये.

दुसरी उदाहरणं?

लँथनम-निकेल-कार्बन, म्हणजे एलएएनआयसी-टू, ट्रान्झिशन २.७ केल्विन. त्याच्या रचनेत केंद्राभोवतीची सममितीच नाही. २००९ मध्ये हिलियर, किंटानिया आणि सिविन्स्की यांनी इंग्लंडमधल्या आयसिस या केंद्रात मोजलं आणि काळाची सममिती मोडलेली सापडली. याची गंमत अशी की क्रिस्टलची सममिती इतकी कमी आहे की त्यातून शक्यता फारच थोड्या उरतात, स्पिन-ऑर्बिट परिणाम (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांचा संबंध) लहान धरला तर सरळ नॉन-युनिटरी ट्रिप्लेटकडे, म्हणजे वरच्या आणि खालच्या स्पिनच्या जोड्या सारख्या नसलेल्या ट्रिप्लेटकडे, बोट जातं. एका साध्या मोजणीतून एवढं मोठं अनुमान निघणं क्वचितच होतं. २०१२ मध्ये त्याचा भाऊबंद लँथनम-निकेल-गॅलियममध्येही तेच दिसलं, आणि तो तर केंद्र-सममित आहे.

ऱ्हेनियमचीही एक साखळी आहे. ऱ्हेनियम-झिर्कोनियमच्या मिश्रधातूत २०१४ मध्ये सममिती मोडलेली दिसली, तेव्हा वाटलं रचनेत केंद्र-सममिती नसल्यामुळे असेल, मग २०१८ मध्ये शुद्ध ऱ्हेनियम धातूतही तसंच दिसलं, ज्याची रचना केंद्र-सममित आहे. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी आहे, कदाचित ऱ्हेनियममध्येच.

युरेनियम डायटेल्युराइड, सगळे ज्याला यूटीई-टू म्हणतात, ते २०१९ मध्ये पुढे आलं, प्रचंड फील्ड सहन करतं आणि ट्रिप्लेट असण्याची चिन्हं भरपूर. सुरुवातीच्या क्रिस्टलमध्ये ट्रान्झिशन १.६ केल्विन, त्यात म्युऑनला चुंबकीय चढउतार इतके दिसले की त्या गोंगाटात सममितीचं काही कळणंच शक्य नव्हतं. मग वितळलेल्या मिठात वाढवलेले स्वच्छ क्रिस्टल आले, ट्रान्झिशन २ केल्विनच्या वर गेलं, आणि २०२३ मध्ये त्यांच्यावर म्युऑन मोजले तर आपोआप तयार झालेलं क्षेत्र सापडलं नाही. आधी प्रकाशाच्या केर परिणामाने (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा वळण्याने) सममिती मोडलेली दाखवली होती, तीही नंतरच्या मोजणीत दिसली नाही. सॅम्पल चांगलं नसेल तर सगळी हुशारी वाया, हे मी यूटीई-टूवरून शिकलो.

पण म्युऑन स्वतःच पदार्थ बिघडवत असेल तर? प्रभार आत कोंबतोय की आपण.

फार बरोबर शंका. धन प्रभार आला की आजूबाजूचे अणू थोडे सरकतात, इलेक्ट्रॉन गोळा होतात, मग जे क्षेत्र दिसतंय ते म्युऑननेच निर्माण केलं नाही कशावरून? म्युऑन नेमका कुठे बसतो हे आता डेन्सिटी फंक्शनल गणिताने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर आधारलेल्या संगणकी पद्धतीने) काढता येतं, आणि २०२१ मध्ये अशाच गणितांनी अनेक पदार्थ तपासून दाखवलं गेलं की म्युऑनमुळे होणारा बदल ही क्षेत्रं समजावून द्यायला पुरत नाही, क्षेत्रं पदार्थाची स्वतःचीच आहेत. शिवाय साधा विचार करा, म्युऑनचा बिघाड ट्रान्झिशनच्या वर आणि खाली सारखाच राहणार, मग बदल नेमका ट्रान्झिशनलाच का सुरू व्हावा? आणि झोतातले म्युऑन एकमेकांना त्रास देण्याइतके जवळ कधीच नसतात, सतत झोताच्या ठिकाणी तर बहुधा एका वेळी सॅम्पलमध्ये एकच म्युऑन असतो.

पृष्ठभागावरचं काहीच कळत नाही का मग?

कळतं, पण त्यासाठी हळू म्युऑन लागतात. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये गोठवलेल्या वायूच्या पातळ थरातून म्युऑन नेऊन त्यांची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली आणतात आणि मग पुन्हा हवी तेवढी वाढवतात, साधारण १ ते ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यामुळे काही नॅनोमीटरपासून सुमारे दोनशे नॅनोमीटरपर्यंत हव्या त्या खोलीवर म्युऑन थांबवता येतात आणि फील्ड खोलीनुसार कसं बदलतं ते मोजता येतं. या प्रक्रियेत बहुतेक म्युऑन वाया जातात, दहा हजारांत फार तर एखादा कामाचा, म्हणून झोत जबरदस्त हवा. २०२० मध्ये बिस्मथ सेलेनाइड आणि निओबियमच्या थरांवर असा प्रयोग झाला आणि फील्ड कमी होण्याऐवजी टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या, म्हणजे बिस्मथ सेलेनाइडच्या (आतून रोधक, पृष्ठभागावर वाहक), बाजूला थोडं वाढलेलं दिसलं. हे वेगळ्याच प्रकारच्या जोडीचं लक्षण मानलं जातं, ज्यात जोडीचं फंक्शन वेळेच्या अदलाबदलीत चिन्ह बदलतं. मला विचाराल तर येत्या काळात सगळ्यात जास्त शिकायला इथूनच मिळेल.

असे प्रयोग कुठे होतात?

चारच मोठी ठिकाणं: स्वित्झर्लंडमध्ये पॉल शेरर, इंग्लंडमध्ये आयसिस, कॅनडात ट्रायम्फ आणि जपानमध्ये जे-पार्क. पॉल शेरर आणि ट्रायम्फमध्ये झोत सतत येतो, त्यामुळे वेळ फार बारीक मोजता येतो आणि वेगाने विरणारे सिग्नल दिसतात. आयसिस आणि जे-पार्कमध्ये झोत ठोक्यांत येतो, आयसिसच्या म्युऑन झोतात सेकंदाला सुमारे ४० ठोके, ठोक्यांच्या मधे पार्श्वभूमी जवळजवळ शून्य, म्हणून हळू विरणारे सिग्नल दहा मायक्रोसेकंदांच्या पलीकडेही बघता येतात. काळाच्या सममितीच्या मोजणीला हे फार सोयीचं. वेळ मागायला प्रस्ताव लिहावा लागतो, तज्ज्ञांची समिती निवड करते आणि मिळाला तर काही दिवस मिळतात, दिवसरात्र चालवायचे.

पहिल्यांदाच बीमटाइम (झोतावरचा वेळ) मिळालाय, काय सांभाळू?

अभिनंदन! सॅम्पल चांदीच्या प्लेटवर लावा, चांदीच्या केंद्रांचं चुंबकत्व इतकं कमी असतं की तिच्यात थांबलेल्या म्युऑनांचा सिग्नल विरत नाही आणि पार्श्वभूमी सपाट राहते. ठोक्यांच्या झोताला सॅम्पल मोठं लागतं, ग्रॅमभर पावडर तरी हवी, सतत झोताला काही मिलिमीटरचा क्रिस्टलही चालतो. व्होर्टेक्सची मोजणी असेल तर फील्ड ट्रान्झिशनच्या वरच लावा आणि मग थंड करा, नाहीतर जाळी वेडीवाकडी बनते आणि विरण्याचा दर खोटा मोठा येतो. शून्य फील्डच्या मोजणीत उलट, आधी फील्ड नीट शून्य करा, मगच थंड करा.

एक माझा अनुभव. एका रात्री आम्ही फील्डची मोजणी झाल्यावर घाईत शून्य फील्डवर आलो, सॅम्पल ट्रान्झिशनच्या वर नेलंच नाही, आणि सकाळपर्यंत सुंदर दिसणारा वाढीव सिग्नल गोळा केला. तो आत अडकून राहिलेल्या व्होर्टेक्सचा होता. पूर्ण रात्रीची मोजणी फेकून द्यावी लागली आणि मला फार वाईट वाटलं, कारण ते क्रिस्टल वाढवायला एका सहकाऱ्याचे कित्येक महिने गेले होते.

आणि सिग्नल सापडलाच तर लगेच स्पिनच्या दिशेने पाच-दहा मिलिटेस्ला फील्ड लावून बघा. आतलं क्षेत्र स्थिर असेल तर एवढ्याने विरणं थांबतं, चढउतार करणारं असेल तर थांबत नाही. ट्रान्झिशनच्या वरही पुरेसे पॉइंट घ्या, निदान तीन-चार तरी, कारण खालच्या वाढीचा अर्थ वरच्या सपाटपणावरच टिकतो आणि शेवटच्या दिवशी वेळ कमी पडला की लोक नेमके तेच पॉइंट गाळतात.